आमच्या दुखण्याला कुलूप कोणाचे?

बाईवर अभ्यास सगळ्यांनी करायचा, आणि त्या अभ्यासात काय निघाले हे बाईला कळायचे तर तिने पैसे मोजायचे, अशी एक रीत आपल्याकडे रुजली आहे. रीत जुनी झाली की तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारत नाही. हुंड्याविषयी अनेक पिढ्या विचारला नव्हता. म्हणून मैत्रिणींनो, हा विषय विद्यापीठातल्या प्राध्यापकांचा आहे असे समजून पान उलटू नका. शोधनिबंध कोण छापतो, कोण विकतो आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतला पैसा कुठे जातो, या प्रश्नाचा आपल्या कामाशी अगदी जवळचा संबंध आहे.

माझे काम धाराशिव जिल्ह्यात आहे. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दर दिवाळीच्या सुमारास कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत पाळीच्या दिवसांतही फडात उभे राहावे लागते. या बायांच्या गर्भाशयांचे काय झाले हे आता सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. शेजारच्या बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्यानंतर पत्रकार आले, संशोधक आले, विद्यार्थी आले. बायांनी आपली पोटे दाखवली, कागद दाखवले, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितले. त्यावर लेख निघाले, प्रबंध निघाले.

त्यांतले किती बायांपर्यंत परत आले? बायांचे सोडा, त्यांच्यात रोज काम करणाऱ्या आमच्यासारख्यांपर्यंत तरी किती आले?

गावात आरोग्य शिबिर घ्यायचे होते. कमी वयात गर्भाशय काढल्यावर हाडांवर, हृदयावर काय परिणाम होतात यावर एका परदेशी नियतकालिकातला लेख मला हवा होता. त्याचे नाव सापडले, सहा ओळींचा गोषवारा सापडला, आणि त्याखाली किंमत दिसली, चाळीस डॉलर. आपले साडेतीन हजारांच्या घरात. ऊसतोडणीचा दर जानेवारी २०२४ च्या करारात टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे एका कोयत्याने नऊ टनांहून जास्त ऊस तोडावा, मोळ्या बांधाव्या, गाडी भरावी, तेव्हा त्यांच्याच दुखण्यावरचा एक लेख वाचायला मिळणार. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेताना असे लेख मी रोज वाचत होते. पदवी हातात आली त्या महिन्यात ग्रंथालयाचा पासवर्ड बंद झाला. शिकत असताना ज्ञान मोफत, आणि ते वापरायची वेळ आली की बंद. समाजकार्याच्या शिक्षणाची यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

हा धंदा कसा चालतो ते आधी समजून घेऊ. संशोधनाला पैसा लागतो, तो बहुतेक वेळा सरकारचा असतो, म्हणजे तुमचा-माझा. आगपेटी घेणारी बाईसुद्धा कर भरते. संशोधक लेख लिहितो, त्याला नियतकालिक मानधन देत नाही. लेख बरोबर आहे का हे दुसरे प्राध्यापक तपासतात, त्यांनाही सहसा काही मिळत नाही. मग लेखाचे हक्क प्रकाशक कंपनी आपल्या नावावर करून घेते, आणि तोच लेख ज्या विद्यापीठातून आला त्याच विद्यापीठाला वर्गणी लावून विकते. यातली सर्वांत मोठी कंपनी एल्सेविअर. तिच्या मालक कंपनीचा विज्ञान-वैद्यक विभाग शंभर रुपयांच्या विक्रीवर सुमारे अडतीस रुपये नफा कमावतो. बिनपगारी श्रमावर नफा कसा उभा राहतो हे बायांना वेगळे समजावून सांगायला नको. घरकामाचा हिशोब आपण वर्षानुवर्षे मांडतोच आहोत.

याला उत्तर म्हणून जगभर एक मागणी उभी राहिली. संशोधन छापून झाले की ते कोणालाही विनामूल्य वाचता यावे. तिला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात, आपण खुले प्रकाशन म्हणू. २००२ मध्ये बुडापेस्ट येथे याचा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी २०१४ मध्ये धोरण केले, की आमच्या पैशातून झालेल्या संशोधनाचे लेख खुल्या भांडारात ठेवावेत. २०२१ मध्ये युनेस्कोने खुल्या विज्ञानाची शिफारस संमत केली. कागदावर सगळे चांगले आहे. कागदावर बालविवाहही बंद आहेत.

आता मुद्द्याकडे येते. २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने विज्ञान धोरणाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात म्हटले होते की सरकार प्रकाशकांशी एकदाच सौदा करील, एकच रक्कम देईल, आणि त्याबदल्यात भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला शोधनिबंध वाचता येतील. प्रत्येक व्यक्तीला! त्यात परंड्याची आशा कार्यकर्ती आली, उमरग्याचा पत्रकार आला, गावच्या बचत गटाची सचिव आली. चार वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक संस्था, सुमारे १.८ कोटी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक. आणि 'प्रत्येक व्यक्ती'? ती मधल्या चार वर्षांत गळून पडली. केंद्र वा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यासाठी दार उघडले, बाकीचा देश बाहेर.

या योजनेत चांगले काही नाही असे मी म्हणणार नाही. पूर्वी आयआयटीला मिळत होते ते आता आडगावच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीलाही मिळेल, ही गोष्ट लहान नाही. पण आपल्या जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी चालवलेली आहेत, सरकारी व्यवस्थापनाची थोडी. आणि शिकणे संपलेल्या बाईसाठी तर यात काहीच नाही. पुढच्या टप्प्यांत खाजगी महाविद्यालये येतील, सार्वजनिक ग्रंथालयांतूनही सोय होईल, असे बोलले जाते. 'पुढच्या टप्प्यात' हे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. बायांची पाळी नेहमी पुढच्याच टप्प्यात असते.

हिशोब करून पाहा. वर्षाला २,००० कोटी. लाभ घेणारे १.८ कोटी धरले तर माणशी वर्षाला ११०० रुपयांवर खर्च, आणि त्यातले फार थोडे विद्यार्थी असे लेख खरोखर उघडणार. हा पैसा मुख्यतः मोठ्या परदेशी कंपन्यांना जातो. तीन वर्षे संपली की आपल्या हातात काय राहते? भाड्याचे घर आहे. भाडे थांबले की बाहेर. २०२७ संपताना प्रकाशक म्हणतील, दर वाढले, आणि तोवर सवय लागलेली असेल. एवढ्या पैशात आपली स्वतःची घरे, म्हणजे खुली नियतकालिके, भांडारे, मराठी आणि इतर भाषांतली प्रकाशने, किती उभी राहिली असती?

योजनेत आणखी एक कलम आहे. लेखकांनी खुल्या नियतकालिकांत छापावे म्हणून त्यांची फी भरायला वर्षाला १५० कोटी. वरवर पाहता हे आपल्या मागणीच्या बाजूचे. पण ही फी म्हणजे काय? मोठ्या कंपन्यांनी खुल्या प्रकाशनाच्या मागणीतून नवा धंदा काढला. वाचणाऱ्याकडून पैसे घेऊ नका म्हणता? ठीक, लिहिणाऱ्याकडून घेतो. 'नेचर' या नियतकालिकाने २०२० मध्ये आपली फी जाहीर केली, एका लेखाला साडेनऊ हजार युरो, म्हणजे त्या वेळचे आठ लाखांहून जास्त रुपये. वाचणाऱ्याच्या दारावरचे कुलूप काढून लिहिणाऱ्याच्या दाराला लावले, किल्ली मात्र त्याच खिशात. आणि लिहिणाऱ्यांत मागे कोण राहणार? जिच्या मागे प्रकल्पाचा निधी नाही ती. आपल्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या किती तरी बाया आहेत. पगार तासावर, सुट्टीत तोही नाही. कायम होण्यासाठी लेख छापून आला पाहिजे. त्यांना गाठतात ती नावापुरती 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिके: दोन-तीन हजार भरा, आठवड्यात छापतो, तपासणी वगैरे काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने चांगल्या नियतकालिकांची 'केअर' यादी केली होती, २०२५ मध्ये तीही बंद केली. एका बाजूला लाखांची फी, दुसऱ्या बाजूला हजारांची फसवणूक, आणि मध्ये ही बाई.

याहून वेगळी वाट आहे का? आहे, आणि ती स्वप्नातली नाही. ब्राझीलमध्ये १९९८ साली सायेलो नावाची व्यवस्था सुरू झाली. सार्वजनिक पैशाच्या आधाराने लॅटिन अमेरिकेतली शेकडो नियतकालिके तिथे आपापल्या स्पॅनिश-पोर्तुगीज भाषांत कोणालाही वाचता येतात. इतके लांब जायला नको. मुंबईतून 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' हे नियतकालिक १९९३ पासून निघते, ते वाचायला कोणालाही पैसे पडत नाहीत. 'सेहत' ही मुंबईची संस्था दवाखान्यांत हिंसापीडित बायांसाठी काम करते, आपले अहवाल खुले ठेवते. 'शोधगंगा'वर देशभरच्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध आहेत, आपल्या मराठवाडा विद्यापीठातलेसुद्धा, आणि ते पाहायला कोणाचा पासवर्ड लागत नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर कोणालाही खुला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार पत्रके खुली आहेत, म्हणून तर बालविवाहाविषयी आपण तहसीलदारापुढे आकडे ठेवून बोलू शकतो. माहिती खुली असली की निवेदनाला वजन येते, हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

याउलट, आपल्याच चळवळीच्या पोटातून निघालेले ज्ञानही हातातून जाते. दिल्लीच्या सेंटर फॉर विमेन्स डेव्हलपमेंट स्टडीजचे 'इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज' १९९४ पासून निघते, पण त्याचे प्रकाशन सेज या कंपनीकडे आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये जगाला सांगितले की त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग आहेत. त्या लेखाने बायांच्या आरोग्याविषयीचा विचार बदलला. 'लॅन्सेट' १९९१ पासून एल्सेविअरच्या मालकीचे आहे. आजार गडचिरोलीचा, मेहनत आपल्या डॉक्टरांची, पत्रिका त्यांची. यात संशोधकांना दोष नाही. जगाने ऐकावे म्हणून जिथे ऐकले जाते तिथे बोलावे लागते. ते मैदान खाजगी का, एवढाच माझा प्रश्न आहे.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा, की ऊस तोडणारी बाई काय इंग्रजी शोधनिबंध वाचणार आहे? नाही वाचणार. ती सातबाराही स्वतः वाचत नसेल, म्हणून तो तिच्यापासून लपवायचा का? तिच्या वतीने वाचणाऱ्या असतात: एएनएम, आशा, वकील, ग्रामपंचायत सदस्य, आपल्या गटातली बारावी झालेली सून. मुलींना शाळेत घालून काय उपयोग, असे सावित्रीबाईंच्या काळातही विचारत होते. माहितीचा अधिकार २००५ मध्ये आला तेव्हाही म्हणत होते की खेड्यातली माणसे अर्ज थोडीच करणार. आज दहा रुपयांच्या अर्जावर आणि पानाला दोन रुपये भरून सरकारी फाइल मिळते. सरकारच्या फाइलला दोन रुपये पान, आणि सरकारच्याच पैशाने झालेल्या अभ्यासाला हजारो रुपये, हे कोणत्या न्यायात बसते?

दुसरा आक्षेप, नियतकालिक चालवायला पैसा लागतो. लागतो, हे आपल्याला कोण सांगणार? त्रैमासिकाचा कागद, छपाई, टपाल यांची जुळवाजुळव काय असते ते आपण जाणतो. मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'सारखी साप्ताहिकेही वर्गणीवर उभी आहेत, आणि त्यांना कोणी कंपनीच्या रांगेत बसवू नये. म्हणूनच सरकारचा पैसा अशा छोट्या, स्वतंत्र नियतकालिकांना द्या, म्हणजे त्यांना वाचणाऱ्याकडूनही घ्यावा लागणार नाही आणि लिहिणाऱ्याकडूनही. खर्चाला आमची ना नाही. शंभरात अडतीस नफ्याला आहे.

मधल्या काळात गरजू काय करत होते? चोरवाटेने वाचत होते. साय-हब नावाच्या संकेतस्थळावर लेख फुकट मिळत. त्याविरुद्ध मोठे प्रकाशक २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश निघाला. त्याच न्यायालयाने २०१६ मध्ये दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात शिक्षणासाठी पुस्तकांतले भाग काढून देणे कायद्यात बसते, असा निर्णय दिला होता हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे कायदा सगळाच प्रकाशकांच्या बाजूचा नाही, तो शिकणाऱ्याच्या बाजूनेही वाचता येतो. पण बायांनी आपल्याविषयीची माहिती चोरून का मिळवावी? ती हक्काने मिळाली पाहिजे.

आपल्या जिल्ह्याने तर संशोधनाला कधी दार बंद केलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लोहारा-उमरग्याकडची गावे, सास्तूर, जमीनदोस्त झाली. पुनर्वसनात गावोगावच्या बाया संवाद सहाय्यक म्हणून उभ्या राहिल्या, घर कसे बांधायचे ते शिकल्या, दुसऱ्यांना शिकवले. जगभरचे अभ्यासक ते पाहायला आले. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र १९८० च्या दशकापासून आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने आपला जिल्हा 'आकांक्षित' ठरवला, तेव्हापासून पाहण्यांना खंड नाही. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायका, पारधी वस्त्या, बचत गट, दुष्काळ, सगळ्यांवर अभ्यास. हातात टॅब घेऊन मुली येतात, दोन तास बसतात, बाईचा अर्धा रोज बुडतो, चहा वर तिचाच. जाताना म्हणतात, 'मावशी, तुमची माहिती गुप्त राहील.' मावशीचे नाव गुप्त राहावे हे योग्यच आहे. पण तिच्या माहितीतून जे निघाले तेही तिच्यापासून गुप्त राहते, याला काय म्हणावे?

आणि न छापता, न मिळता पडून राहिलेल्या ज्ञानाचे काय होते हे मराठी बायांनी एकदा पाहिले आहे. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्ये निघाले आणि विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये नव्वदांहून अधिक वर्षे गेली. त्या वर्षांत किती जणींनी ताराबाईंचे म्हणणे पुन्हा पहिल्यापासून एकटीने शोधून काढले असेल!

तेव्हा आपण मागायचे काय?

पहिले, सार्वजनिक पैशातून, मग तो केंद्राचा असो, राज्याचा वा विद्यापीठाचा, झालेला प्रत्येक अभ्यास छापला जाईल त्याच दिवशी खुल्या भांडारात आला पाहिजे. धोरण आहेच, ते पाळले नाही तर पुढचा निधी थांबवा.

दुसरे, २०२७ नंतरचा करार करताना सरकारने आपल्याच मसुद्यातली 'प्रत्येक व्यक्ती' परत आणावी. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव अनुदानित वाचनालये आहेत. निदान जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांत एका संगणकावर हे सारे वाचता आले पाहिजे, आणि त्या संगणकापर्यंत बाई पोचेल अशी वेळही असली पाहिजे.

तिसरे, कंपन्यांच्या फीसाठी ठेवलेले दीडशे कोटी फी न घेणाऱ्या आपल्या नियतकालिकांकडे वळवा, त्यांत मराठी नियतकालिकांचा वाटा ठरवा.

चौथे, महाराष्ट्रात माणसांवर होणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचा दोन पानी मराठी गोषवारा सक्तीचा करा, जो चावडीवर मोठ्याने वाचता येईल. निष्कर्ष गावात परत सांगण्याचा खर्च अंदाजपत्रकातच धरा.

हे सरकारकडे मागायचे. काही आपल्या हातातलेही आहे. 'स्त्री', 'बायजा', 'मिळून साऱ्याजणी' यांचे, आणि आपल्या या त्रैमासिकाचेही, जुने अंक कोणाकोणाच्या माळ्यावर, कपाटात आहेत ते विचारू या. संपादकांच्या परवानगीने ते स्कॅन करून सगळ्यांना खुले करण्याचे काम गटागटाने वाटून घेता येईल. आणि उद्यापासून गावात कोणी पाहणीला आले तर आपल्या गटाने एका कागदावर लिहून घ्यावे: अभ्यास कोणाचा, पैसा कोणाचा, निघेल ते कुठे छापणार, आणि इथे येऊन मराठीत कधी सांगणार. खाली सही आणि तारीख. सही द्यायला जे तयार नसतील त्यांना पाणी द्या, चहा द्या, पण मुलाखत देऊ नका.